वामनदादांचे गाणे : चाल आणि शब्द

शाहिरी वाङ्मयाचा प्रश्न परीक्षेत आला की आपण रामजोशी, अनंत फंदी, होनाजी, प्रभाकर यांची नावे भराभर लिहितो आणि पेशवाईबरोबर हे प्रकरण संपवितो. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आपल्याच जिल्ह्यातील एक शाहीर गावोगाव गात होता, याचा उल्लेख उत्तरपत्रिकेत क्वचितच येतो. वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे झाला, आणि १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले ते नाशकातच. सारा महाराष्ट्र त्यांना 'वामनदादा' म्हणतो. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्रापेक्षा त्यांच्या गीतरचनेच्या पद्धतीचा विचार करावयाचा आहे.

चरित्रातील एक गोष्ट मात्र टाळता येत नाही. दादा शाळेत शिकलेले नव्हते. पोटासाठी मुंबईस गेले, गिरणीत राबले, मिळेल ते अंगमेहनतीचे काम केले. तेथे कोणीतरी पत्र वाचून दाखवा म्हणून पुढे केले आणि आपल्याला वाचता येत नाही याची त्यांना लाज वाटली, असे सांगतात. देहलवी नावाच्या गुरुजींनी त्यांना अक्षरओळख करून दिली. पुढचा अभ्यास दुकानांच्या पाट्यांवर झाला. त्यांची पहिली रचना १९४३ सालची, आणि तीही एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन! म्हणजे चाल आधीपासून कानात होती. अक्षर नंतर आले. त्यांच्या साऱ्या गीतरचनेची किल्ली मला येथे सापडते.

अर्थात ही वाट अगदीच नवी नव्हती. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाने नाशिक जिल्हा ढवळून निघाला होता. १९३५ साली येवल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. त्याच काळात याच जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांच्यासारखे शाहीर आंबेडकरी जलसे करीत होते. परंतु जलसा म्हणजे फड आला, सोंगे आली, वग आला. वामनदादांनी या पसाऱ्यातून नुसते गाणे वेगळे काढले. ढोलकी, पेटी आणि साथीला दोघेचौघे, एवढ्यावर रात्र रंगे.

चाल उसनी घेण्याला आपण साहित्याचे विद्यार्थी नाक मुरडतो. कवीने छंद घेतला तर चालतो, शाहिराने सिनेमाची चाल घेतली की ती उचलेगिरी! मग किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'चे (१८८२) काय करावयाचे? जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल : अमुक' असे उघड छापलेले असते. आणि दादांच्या श्रोत्यांची गरज तर त्याहून निकडीची होती. ज्याला वाचता येत नाही, ज्याच्या घरी छापील कागद नाही, त्याच्यापर्यंत विचार पोचवावयाचा तर चाल आधीच ओळखीची हवी. मग रात्री ऐकलेले ध्रुवपद बाई सकाळी दळताना म्हणू शकते.

शब्दांची योजनाही कानासाठीच. ध्रुवपद लहान, बोलीतले. अंतऱ्याची शेवटची ओळ यमकाने त्यावर परत येणारी. आणि अखेरीस बहुधा 'वामन' ही नाममुद्रा, संतांच्या अभंगांत असते तशी. यमक त्यांच्याकडे केवळ अलंकार म्हणून येत नाही. देशाच्या संपत्तीत आमचा हिस्सा कोठे, असे विचारणाऱ्या त्यांच्या प्रसिद्ध गाण्यात मोठ्या उद्योगपतींच्या नावांशी 'वाटा' हा शब्द जुळविलेला आहे. नाव ऐकताच श्रोत्याच्या मनात पुढचा शब्द उमटतो आणि सवाल त्याचाच होऊन जातो. अर्थशास्त्राच्या तासाला हे इतक्या लवकर कळत नाही, हे आमचे प्राध्यापकही मान्य करतील!

त्यांचे सगळेच लेखन या तोडीचे आहे असे मी म्हणणार नाही. हजारो गीते लिहिणाऱ्याची काही गीते जयंतीपुरती, सभेपुरती असणारच. 'वाटचाल' (१९७३) आणि 'मोहोळ' (१९७६) हे संग्रह सलग वाचताना पुनरुक्ती जाणवते. पण ही गाणी सलग वाचण्यासाठी नव्हतीच. छापील पानावर सपाट वाटणारी ओळ ढोलकीच्या ठेक्यावर कोठे थांबते, कोठे उचलली जाते, हे पानावरून कळत नाही.

नेमकी येथेच आपली खरी हानी होत आहे. शब्द पुस्तकांत राहिले. पण ते कोणत्या चालीवर बांधले, हे ज्यांना ठाऊक आहे ती पिढी आता थकली आहे. मराठी विभागाने भित्तिपत्रकाऐवजी एक वर्ष या कामाला द्यावे, असे मला सुचवावेसे वाटते. मी सुट्टीत थोडी सुरुवात केली. ओळी लिहून घ्यावयाच्या, वर चालीचे नाव लिहावयाचे, आणि म्हणणाऱ्यांनी ती कोणाकडून ऐकली तेही. एका गाण्याला दोन वस्त्यांत दोन निराळ्या चाली निघाल्या. खरी कोणती, यावर तेथल्या वडीलधाऱ्यांत बराच वाद झाला. मी दोन्ही वहीत उतरून घेतल्या आहेत.