कुलाबा जिल्ह्यात जन्मलेल्यांसाठी

परदेशात दीर्घकाळ राहण्याचा परवाना मिळवावयाचा म्हटले की आपल्याकडील माणूस प्रथम वकिलातीत वेळ कशी मिळेल याची चिंता करू लागतो, बँकेतील शिल्लक मोजतो, लोकरी कपडे कोठे स्वस्त मिळतील याची चौकशी करतो. आणि ज्या कागदावर पुढचे सर्व अर्ज उभे राहावयाचे, ती आपली जन्मनोंद नगरपालिकेच्या दप्तरात कोणत्या अवस्थेत पडून आहे, हे पाहण्याचे त्याच्या मनात सर्वांत शेवटी येते.

मी मूळचा पेणचा आणि पत्नीचे माहेर रोह्याचे. नोकरीनिमित्त जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहावयाचे ठरले (हे शहर १९६८ पासून मुंबईचे भगिनीनगर आहे, पण या नात्याचा परवान्याच्या कामी काडीइतकाही उपयोग होत नाही) आणि मी पुढे जावे, पत्नीने मागाहून यावे, अशी तजवीज झाली. तिच्या अर्जास जन्माचा व विवाहाचा दाखला जोडावयाचा होता. जन्मनोंदीची नक्कल काढण्यासाठी रोह्याला गेलो, तेव्हा कापडी पुठ्ठ्याच्या त्या जाड वहीत आईबापांची नावे, गाव, तारीख सारे काही निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरांत लिहिलेले आढळले. केवळ अपत्याच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ होती आणि शेजारी 'स्त्री' एवढाच शब्द.

कारकून वयस्क व सज्जन होते. "साहेब, यात नवल ते काय? वर्दी द्यायची दोन-चार दिवसांत आणि बारसं बाराव्या दिवशी. नाव सांगायला पुन्हा कोण येतंय?" असे म्हणून त्यांनी मागची-पुढची पाने उलटून दाखविली, तो जवळजवळ निम्म्या पानांवर तीच रेघ! पंचाईत एवढ्यावरच थांबली नाही. त्याच आईबापांच्या नावे दोन वर्षांच्या अंतराने आणखी एक बिननावाची मुलगी होती, म्हणजे आमची मेव्हणी. आणि यांतील कोणती नोंद कोणाची, हे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील जन्मतारीख पुढे ठेवल्यावाचून सिद्ध होण्याजोगे नव्हते. सासरे स्वतः कचेरीत मुरलेले गृहस्थ असल्यामुळे त्यांनी शाळेत तारीख खरी घातली होती, म्हणून निभावले.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याने नाव मागाहून दाखल करण्याची सोय ठेवलेली आहे: पहिल्या बारा महिन्यांत शुल्काविना, त्यापुढे शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत, आणि जुन्या नोंदींसाठी शासन वेळोवेळी मुदतवाढही देत आले आहे. ज्यांची नोंदच मुळात नाही, त्यांना वर्ष उलटल्यानंतर पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा हुकूम आणावा लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, प्रांत किंवा जिल्हादंडाधिकाऱ्याने नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला आहे. यास किती काळ लागेल हे अर्जदाराच्या हाती नसते. म्हणून ज्यांची मुले आज आठवी-नववीत, म्हणजे त्या पंधरा वर्षांच्या काठाशी आहेत, त्यांनी हे काम याच दिवाळीच्या सुटीत उरकून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगतो.

नाव दाखल झाल्यावर जिल्हा पुढे आला. अंतुले मुख्यमंत्री असताना १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, ही गोष्ट आपल्याला इतकी परिचित आहे की ती कोणाला समजावून सांगावी लागेल अशी शंकाही येत नाही. परंतु दाखल्यावर कुलाबा आणि पारपत्राच्या पत्त्यात रायगड असे पाहिल्यावर परक्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने ते दोन निरनिराळे प्रदेश होतात. त्यातून त्याने नकाशा उघडला, तर कुलाबा त्याला मुंबईच्या दक्षिण टोकास सापडतो. पत्नीचा जन्म कुंडलिका नदीपलीकडे आजोळच्या घरी झालेला, म्हणून दाखल्यावर अष्टमी आणि पारपत्रावर रोहा. दोन्ही गावांची नगरपालिका एकच आहे व जिल्हा तोच आहे, अशा अर्थाचा सही-शिक्क्याचा खुलासा आम्ही स्वतःहून अर्जास जोडला. विचारणा होण्यापूर्वी दिलेला खुलासा माहिती म्हणून वाचला जातो. नंतर दिलेला बचाव म्हणून.

आता दलालांविषयी. 'कागदाला अपोस्टिल मारून घ्या, जगात कोठेही चालेल,' असे आम्हांस एका मध्यस्थाने छातीठोकपणे सांगितले आणि त्याबद्दल भरपूर दामही घेतले. ज्या करारानुसार हा शिक्का परदेशात चालतो, त्यात भारत १४ जुलै २००५ पासून आहे हे खरे. पण भारताच्या प्रवेशास जर्मनीने हरकत नोंदविली असल्याने त्या दोन देशांपुरता तो लागूच झाला नव्हता, हे त्यास ठाऊक नसावे, किंवा असूनही सांगण्यात त्याचा लाभ नसावा. कुवेत, कतार आणि अमिराती हे देश करारात नाहीत. रोहा, म्हसळा, श्रीवर्धनकडील जी कुटुंबे या आखाती देशांत जातात, त्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या त्या वकिलातीचा शिक्का घ्यावा लागतो, हे तिकडच्या घराघरांत पाठ असते. ज्या देशी जावयाचे त्याच्या वकिलातीची लेखी सूचना वाचल्याखेरीज एका कागदावरही पैसा घालू नये.

आमच्या बाबतीत वकिलातीने आमच्याच खर्चाने एक वकील रोह्यास पाठविला. त्याने मूळ नोंदवही पाहिली, आणि मग आळीत जाऊन शेजाऱ्यांस प्रश्न विचारले. शेजारच्या काकूंनी हा गृहस्थ माझ्या मेव्हण्यासाठी स्थळ घेऊन आला आहे असे समजून घराण्याची अशी काही स्तुती केली, की त्याच्या अहवालात पत्नीच्या जन्मापेक्षा तिच्या भावाच्या निर्व्यसनीपणाचाच मजकूर अधिक गेला असावा. विनोद सोडा; पण घरच्यांना व शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवावी. 'कोण जाणे, त्या आता इथे राहत नाहीत,' एवढे भाबडे उत्तरही कागदावर उतरले की वेगळे दिसते.

वंशावळ सिद्ध करण्याचा असा प्रसंग या भूमीतील लोकांवर पूर्वीही आलेला आहे. पेण-रोह्याकडील बेने इस्राएल, ज्यांना आपले वाडवडील शनिवार तेली म्हणत, ते इस्राएलला गेल्यावर तेथील धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहांसाठी मागील पिढ्यांची चौकशी मागितली; त्यांनी आंदोलने केली, आणि १९६४ साली तेथील संसदेस त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. आपल्यासारख्या एकट्यादुकट्या अर्जदारामागे असा समाज उभा नसतो. त्याच्यापाशी कागदच असावे लागतात.

तिकडे पोहोचल्यानंतरचा भाग तुलनेने सोपा. घर घेतल्यापासून दोन आठवड्यांत रहिवासाची नोंद करावी, त्यास घरमालकाचे लेखी पत्र लागते. आणि प्रवेशपत्राची (व्हिसाची) मुदत संपण्यापूर्वी परवान्याचा अर्ज रुजू झालाच पाहिजे, कारण तो वेळेत असल्यास निकाल लागेपर्यंतचे वास्तव्य कायदेशीर मानले जाते. परवाना पारपत्राच्या मुदतीपलीकडे सहसा देत नाहीत. तेव्हा पारपत्राची थोडीच वर्षे उरली असतील तर ते निघण्यापूर्वीच नवे करून घ्यावे.

एक गोष्ट मात्र वर्षभराने, मुलगी झाल्यावर उपटली. तिच्या जन्मनोंदीसाठी आईबाप दोघांचेही जन्मदाखले तेथील निबंधकाने मागितले, आणि माझ्या पारपत्रावरील जन्मतारीख १ जून! आमच्या वर्गातील निम्म्या मुलांचा जन्म हेडमास्तरांच्या कृपेने त्याच दिवशी झालेला आहे. पेणच्या दप्तरात मी ऐन गणपतीत जन्मलो होतो. पत्रव्यवहार लांबला, शाळेच्या नोंदवहीचा उतारा व प्रतिज्ञापत्र गेले, आणि तोवर मुलीचा दाखला अडून राहिला. तो अडल्याने आपल्या वाणिज्य दूतावासातील नोंदही अडली. परदेशात जन्मलेल्या अपत्याचे भारतीय नागरिकत्व टिकवावयाचे तर ती एक वर्षाच्या आत व्हावी लागते. पारपत्रावरील तारीख व जन्मनोंद यांचा मेळ पहिल्या प्रवेशपत्राच्या आधी घालावा. एकदा परक्या सरकारच्या दप्तरी चुकीची तारीख बसली की तेथील प्रत्येक कचेरी तीच पुढे चालविते.

हीच गोष्ट नावाची. लग्नात बदललेले नाव पारपत्रावर घालावयाचे असल्यास विवाहनोंदणीचा दाखला जवळ असावा, आणि नावच पालटले असेल तर राजपत्रातील प्रसिद्धीची प्रतही. प्रत्येक दाखल्याच्या चार-पाच प्रमाणित नकला बरोबर न्याव्या, आणि मागाहून नक्कल काढावयास भावास किंवा मेव्हण्यास मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच येथे करून द्यावे. परदेशातून पाठविलेल्या मुखत्यारपत्रावर ते राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावून घ्यावा लागतो, आणि घरी आलेले पाकीट देव्हाऱ्याच्या फळीवर तेवढे दिवस सहज पडून राहते.