'चाचा' आणि 'सरखेल' : एका संज्ञेचा विचार

कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) इंग्रजी कागदपत्रांत 'पायरेट', म्हणजे चाचे, ठरतात. मराठी दप्तरात ते 'सरखेल' आहेत. हा भेद केवळ भाषेचा नव्हे. पोर्तुगीज 'कार्ताझ' देत, कान्होजी 'दस्तक'; परवान्याविना सापडलेले गलबत दोघेही धरीत. चारोटीच्या पश्चिमेचा डहाणू किनारा १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. तेथे याच कृतीस कायदा म्हणत. आंग्र्यांचा कैवार घेणाऱ्या अनेकांनी मात्र इंग्रजांचीच व्याख्या गृहीत धरली, हे खटकते.

तुळाजीचे प्रकरण अधिक अवघड आहे. १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला तो इंग्रज व पेशवे यांच्या संयुक्त मोहिमेत. आरमार जळाले; तुळाजीस मरेपर्यंत बंदिवास घडला तो पेशव्यांकडे. येथे 'परक्यांनी दिलेले दूषण' एवढे स्पष्टीकरण पुरत नाही.