राष्ट्रध्वजाचे रंग आणि ‘इतर’ हा शब्द

नववीच्या वर्गास यंदा इतिहासाच्या तासाला ‘आपले राष्ट्र व आपली ओळख’ हा उपक्रम दिला होता. कोणी भाषा घेतली, कोणी सण घेतले. एका ख्रिस्ती विद्यार्थ्याने राष्ट्रध्वज घेतला. अभ्यास संपल्यावर त्याविषयी आपणास काय वाटले हे प्रत्येकाने वहीत लिहावयाचे होते. या विद्यार्थ्याने साऱ्या वहीभर एकाच शब्दाचा माग काढला आहे. तो शब्द म्हणजे ‘इतर’. विद्यार्थ्यांनी व त्यांच्या आईबापांनीही तो माग पाहण्याजोगा आहे, म्हणून हा पाठ.

१९२१ साली बेजवाडा येथे अखिल भारतीय काँग्रेस समिती भरली असता पिंगळी वेंकय्या यांनी गांधीजींस तांबड्या व हिरव्या रंगांचा ध्वज दाखविला. तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा. ध्वजावर चरखा असावा ही सूचना जालंदरच्या लाला हंसराज यांची. गांधीजींनी त्यांत पांढऱ्या पट्ट्याची भर घालावयास सांगितले, तो इतर सर्व धर्मांच्या लोकांसाठी. आमचा विद्यार्थी या ठिकाणी थबकला. पंक्तीत आपले पान मांडलेले आहे, परंतु नावाने कोणी हाक मारली नाही, असे आपणास वाटले, हे त्याने मोकळेपणाने लिहिले आहे. ज्या समाजाच्या माणसांस ‘तुम्ही मूळचे कोठले?’ हा प्रश्न स्वतःच्या गावीसुद्धा ऐकावा लागतो, त्या समाजातील मुलास असे वाटले तर त्यात नवल नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि स्वदेशप्रीतीची कविता त्यांनी त्यानंतरही लिहिली; तरी हा प्रश्न काही मिटला नाही.

परंतु मुलाने तेथेच वही मिटली नाही. त्या ध्वजाचे चित्र काढताना त्याला दिसले की पांढरा पट्टा सर्वांत वर होता, मध्ये हिरवा व तळाशी तांबडा. हा क्रम सहज पडलेला नव्हता. संख्येने जे सर्वांत दुर्बळ त्यांस पहिले स्थान मिळावे आणि जे सबळ त्यांनी इतरांची ढाल व्हावे, असा गांधीजींचा हेतू होता. हेतू थोर खरा. पण मान मिळाला तरी ‘इतर’ हे नाव सुटले नाही, असे मुलगा म्हणतो. मला त्याचे म्हणणे पटते. शिवाय एकदा रंग वाटावयास बसले की वाटणी पुरत नाही. शीख बांधवांनीही पुढे आपला रंग ध्वजात असावा अशी मागणी केली. ती अन्याय्य म्हणावी कशी?

यास्तव १९३१ साली काँग्रेस कार्यकारिणीने सात जणांची ध्वजसमिती नेमली. वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, जवाहरलाल नेहरू व पट्टाभि सीतारामय्या यांच्याबरोबर तीत काका कालेलकर आणि डॉ. ना. सु. हर्डीकर हे होते. समितीने सुचविले की ध्वज सगळाच केशरी असावा व कोपऱ्यात चरखा असावा. ही सूचना मान्य झाली नाही. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात मुंबईस अखिल भारतीय काँग्रेस समितीने केशरी, पांढरा व हिरवा असे तीन रंग ठरविले, आणि या रंगांस जातिधर्माचा कोणताही अर्थ नाही हे स्पष्ट केले. केशरी म्हणजे धैर्य व त्याग, पांढरा म्हणजे सत्य व शांती, हिरवा म्हणजे श्रद्धा. पाहा, रंग तीनच राहिले, परंतु ‘इतर’ हा शब्द गेला. आजही पुष्कळ घरांत मुलांस अमका रंग अमक्या धर्माचा असे शिकवितात. हे शिक्षण १९३१ सालीच जुने झाले आहे, आणि १९२१ च्या त्या ध्वजात तर केशरी रंगच नव्हता!

२२ जुलै १९४७ रोजी घटनासमितीत नेहरूंनी ध्वजाचा ठराव मांडला. चरख्याच्या जागी सारनाथच्या सिंहस्तंभावरील चक्र आले, त्याचे एक कारण अगदी व्यवहारातले आहे. चरख्याची चाती एका अंगास असते, म्हणून ध्वजाच्या दुसऱ्या बाजूने चित्र उलटे दिसते. चक्र दोन्ही बाजूंनी सारखेच. (विद्यार्थ्यांनी पातळ कागदावर चरखा काढून तो उजेडात उलटा धरून पाहावा.) त्या दिवशी बोलणाऱ्यांत जयपालसिंग हेही होते. ते रांचीच्या मिशन शाळेत शिकलेले, धर्माने ख्रिस्ती, आणि १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमधील हिंदी हॉकी संघाचे नायक. ते ध्वजाच्या स्वागतास उभे राहिले ते आदिवासींच्या वतीने. एका माणसास किती ओळखी असू शकतात, यावर आमच्या मुलाने दोन पाने लिहिली आहेत. ती वहीतील सर्वांत चांगली पाने होत.

वर्गाने ध्वजाचा तक्ता केला तेव्हा वाद निघाला. रंगांखाली अर्थ लिहावे, असे बहुतेकांचे मत पडले. डॉ. राधाकृष्णन यांनी त्याच सभेत केशरीत निःस्वार्थ वृत्ती, पांढऱ्यात प्रकाश व हिरव्यात भूमीशी असलेले नाते पाहिले होते. तेच लिहू, असे एक मुलगी म्हणाली. आमच्या विद्यार्थ्याने ठरावाचा मजकूर सर्वांपुढे वाचून दाखविला. त्यात तीन समान पट्टे आहेत, गडद निळे चक्र आहे, रुंदी व लांबी यांचे दोनास तीन हे प्रमाण आहे. रंगांचा अर्थ मात्र एका शब्दानेही दिलेला नाही. बराच वेळ बोलणे झाल्यावर वर्गाने तक्त्याखाली तेवढीच मापे लिहिली. तक्ता सभागृहात दाराजवळ लावला आहे.