कढीपत्त्याची रोपं घरीच करा, पण बी ताजं हवं



पेरणी, डवरणी, खत, सगळी धांदल एकदमच चालू आहे, ठाऊक आहे. तरी हा संदेश आजच पाठवतेय, कारण हे काम पुढच्या महिन्यावर ढकललं की वर्ष जातं. तुमच्या दारातल्या किंवा गल्लीतल्या मोठ्या कढीपत्त्याच्या झाडाकडे (कोणी गोडलिंब म्हणतं, कोणी कढीलिंब) जरा बघा. घोसांमध्ये हिरवी, तांबूस आणि काळी-जांभळी अशी तिन्ही रंगांची फळं दिसतील. त्यातली काळी फळं आपल्या कामाची.

पाच-दहा गुंठ्यांत कढीपत्ता लावायचा म्हणून बऱ्याच जणांनी रोपांची चौकशी केली आहे. चार फूट बाय चार फुटांवर लावलं तर एका गुंठ्यात साधारण ६८ रोपं बसतात, पाच बाय पाचवर ४३. पाच गुंठ्यांचा हिशेब तुम्हीच करा, आणि तेवढी रोपं विकत आणायची तर गाडीभाडं धरून किती जातील तेही बघा. एका चांगल्या झाडाखाली तेवढ्याच रोपांचं बी फुकट मिळतं.

आधी एक नेहमीचा प्रश्न मिटवू. बाजारातून आणलेली कढीपत्त्याची काडी पाण्यात ठेवली किंवा मातीत खोचली तर फुटेल का? नाही फुटत. आपण जिला काडी म्हणतो ती फांदीच नसते. ते एक आख्खं पान असतं आणि मधली काडी म्हणजे त्या पानाचा देठ. त्यावर डोळा नसतो, मग कोंब येणार कुठून? खऱ्या फांदीचे छाटे लावून बघितले तरी त्यातले मोजकेच धरतात. तेव्हा रस्ते दोनच: बी, नाहीतर मुळावरचे फुटवे.

*बियांचं*

आपल्याला सवय आहे बी वाळवून, राख लावून, डब्यात भरून ठेवायची. ज्वारी, तूर, भेंडी, सगळ्यांना ते चालतं. कढीपत्त्याला चालत नाही. याचं बी वाळलं की मेलं. फळातून काढल्यावर आठवड्याच्या आत पेरलं तर उगवण उत्तम. तीन आठवडे घरात पडून राहिलं तर फारच थोडं उगवतं. पाकिटात वाळलेलं बी कोणी विकत असेल तर पैसे घालवू नका. पाहुण्यांच्या गावाहून आणायचं असेल तर बी न काढता आख्खी फळंच ओल्या सुती कापडात गुंडाळून आणा आणि आल्या आल्या कामाला लागा. फ्रिजमध्ये नको.

बी कुठल्या झाडाचं घ्यायचं, हे नीट बघा. पान तोडून बोटांत चुरगाळा. वास लगेच नाकात भरला पाहिजे, आणि हात धुतल्यावरही थोडा राहिला पाहिजे. काही झाडांची पानं मोठी, दिसायला छान, पण वासाला अगदी फिकी असतात. असली भाजी व्यापारी एकदा घेतो, दुसऱ्यांदा विचारत नाही. बियांपासून आलेलं प्रत्येक रोप आईसारखंच निघेल असं नाही, म्हणून गरजेपेक्षा पावपट बी जास्त लावा आणि पुढे वास घेऊन निवड करा.

फळं पूर्ण काळी, बोटाने दाबली की मऊ लागणारी घ्या. बुलबुल-कोकिळा आपल्याआधी पोचतात, म्हणून घोस काळे व्हायला लागले की त्यावर जुनी मच्छरदाणी बांधून ठेवा. बादलीत पाणी घेऊन फळं हाताने चोळा, साल आणि गर निघून जाऊ द्या. गर राहिला तर उगवण अडते, बुरशी आणि मुंग्याही येतात. तरंगणारं बी पोचट, ते फेकून द्या. बी उन्हात घालू नका. पाणी निथळलं की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पेरा. हो, आणि पोरं ही फळं खातात. गर गोड असतो, पण बी चावू देऊ नका.

माती, वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत समान भाग मिसळा. कच्चं शेण नको, त्यात हुमणी येते. ४ बाय ६ इंचाची पिशवी पुरते, खाली भोकं पाडायला विसरू नका. एका पिशवीत दोन बिया, अर्धा इंच खोल. दुधाच्या पिशव्या कापून, धुऊन वापरल्या तरी चालतात. पिशव्या गोठ्याच्या वळचणीखाली ठेवू नका, पागोळ्यांनी माती उडून बी उघडं पडतं. झाडाखालची विरळ सावली चांगली. उंदीर-खार बी उकरतात म्हणून वरून बाभळीच्या काट्या पसरा.

साधारण तीन आठवड्यांत कोंब दिसतो. ढगाळ, गार हवा असेल तर महिनाही लागतो, तोवर पिशव्या उकरून बघू नका! पाऊस चालू असताना वरून पाणी देऊ नका. या अवस्थेत रोपं पाण्याविना मरत नाहीत, जास्त पाण्याने बुडाशी कुजून मरतात. रात्री बॅटरी घेऊन एक फेरी मारा, गोगलगायी हाताने वेचा. दोन्ही बिया उगवल्या तर जोमदार रोप ठेवा.

पहिलं वर्ष हे रोप फार हळू वाढतं. सहा महिन्यांनी वीतभर दिसलं तरी नाराज होऊ नका. शेतात लावायचं ते पुढच्या पावसाळ्यात.

*फुटव्यांचं*

दोन-चारच झाडं हवी असतील तर हे सोपं. जुन्या झाडाभोवती मुळांवरून फुटवे येतात. पावसाची झड असताना, वीतभर ते हातभर उंचीचा फुटवा निवडा. बाजूने खणून त्याला स्वतःची तंतुमुळं आहेत का बघा, मगच आईच्या मुळापासून धारदार कोयत्याने तोडा. अर्धी पानं छाटून टाका, पिशवीत लावून पंधरा दिवस सावलीत ठेवा. नुसता ओढून उपटलेला फुटवा बहुतेक वाळतोच. याचा फायदा म्हणजे वास हुबेहूब आईचा.

*मोसंबी, संत्रा, लिंबू असणाऱ्यांनी हे जरूर वाचा*

कढीपत्ता हा लिंबाच्याच कुळातला. सिट्रस सायला नावाची बारीक कीड त्याच्या कोवळ्या फुटीवर आनंदाने वाढते. हीच कीड मोसंबी-संत्र्यात ग्रीनिंग रोग पसरवते. झाडाला तो झाला की पानं ठिपक्यांनी पिवळी पडतात, फळं लहान, वेडीवाकडी राहतात, आणि बरं करणारं औषध नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात सायला १९९८ साली आणि ग्रीनिंग २००५ साली सापडला, त्यानंतर तिथला संत्र्याचा धंदा पार खाली आला.

कढीपत्त्याला स्वतःला हा रोग होत नाही, पण किडीला तो घर देतो. तेव्हा फळबागेच्या बांधावर कढीपत्ता लावू नका, लांबचा तुकडा निवडा. रोपं घरी करा म्हणते त्यात हेही कारण आहे: लांबून आलेल्या रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर सायलाची अंडी-पिल्लं सोबत येतात, धुतलेल्या बियांबरोबर येत नाहीत.

ओळखायची कशी? शेंडपान मुरडलेलं, त्यावर चिकटपणा आणि पांढरे मेणासारखे धागे. मोठी कीड बसते ती शेपटीकडची बाजू वर करून, तिरकी. असा शेंडा दिसला की खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. मग ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १० लिटर पाण्याला ५०० ग्रॅम निंबोळीचा गर रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारा. बागेचा उरलेला फवारा पंपात आहे म्हणून कढीपत्त्यावर मारायचा नाही. ही पानं थेट फोडणीत जातात, आपल्याही घरच्या.

कोणाकडे वासाचं जुनं झाड असेल तर घोसाचा आणि पानाचा फोटो गावाच्या नावासह इथेच टाका. ज्यांना बी हवं त्यांनी त्या दादांशी-ताईंशी बोलून फळं उतरवण्याचा दिवस ठरवावा, आणि पिशव्या आदल्या दिवशीच भरून ठेवाव्यात.