विजेचे बिल : आधी वाचावे, मग भांडावे

दुकानात गिऱ्हाईक आले की थान उलगडून पाहते, पोत चाचपते, आम्ही कापड मोजताना हाताकडे नजर ठेवते आणि पावतीची बेरीज दोनदा करते. तेच गिऱ्हाईक विजेचे बिल आले की फक्त शेवटची रक्कम पाहते. कमी असेल तर भरते, जास्त असेल तर शिव्या देते. वाचत कोणीच नाही. यात आम्हीही आलो. चाळीस वर्षांच्या घरात आम्ही एकदाही बिलाची मागची बाजू वाचली नव्हती. त्याची किंमत घरातल्या एका बाईने मोजली, म्हणून हा लेख.

२०२० सालचा उन्हाळा

आमच्या रोह्याच्या घरात तेव्हा तीन चुली होत्या आणि मीटर एक, तोही मरहूम वडिलांच्या नावावर. बिलाचे तीन सारखे वाटे करायचे, अशी रीत. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली. मीटरचे रीडिंग घेणे बंद झाले. महावितरणने डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीच्या वापरावरून सरासरी बिले काढली. ती बिले हलकी होती, सर्वांना बरे वाटले.

पण हिवाळ्याची सरासरी उन्हाळ्याला कशी पुरणार? एप्रिलच्या शेवटी रमजान सुरू झाला. सगळे घरात, पंखे दिवसरात्र चालू, तरावीहही घरीच, सहरीला सगळ्या खोल्यांत दिवे. २५ मे रोजी ईद झाली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले आणि आपल्या जिल्ह्यात खांब पडले, तारा तुटल्या, अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. त्यानंतर प्रत्यक्ष रीडिंगचे बिल हाती पडले. जो तो म्हणू लागला, "दिवे नव्हते, मग एवढे बिल कशाचे?"

आम्हीही तेच म्हटले. धाकटे बंधू म्हणाले, "भाई, आमच्या खोलीत एक पंखा. फ्रीज तुमचा, टीव्ही तुमचा. सारखा वाटा कसा?" आम्ही म्हटले, बिलच चुकीचे आहे, कोणीही भरू नये. मधले बंधू कुवेतमध्ये, काम बंद, पगार बंद. दोन महिन्यांनी कळले की त्यांच्या पत्नीने हातातली बांगडी गहाण ठेवून तिघांचेही बिल एकरकमी भरून टाकले होते. आम्ही रागावलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "भाई, लाइट कापली असती तर अम्मींच्या खोलीतला पंखा कोणी चालवला असता?"

मग आम्ही चष्मा लावून ते बिल पहिल्यांदा वाचले. बिल बरोबर होते. एवढेच नव्हे, त्या बिलासाठी महावितरणने तीन हप्त्यांची सोय दिली होती. बांगडी मोडायची वा गहाण ठेवायची काहीही गरज नव्हती. तिला ते माहीत नव्हते, आणि ज्याने सांगायला हवे होते तो घरातला मोठा माणूस नाक्यावर उभा राहून कंपनीला बोल लावत होता.

हिशोब कसा तपासावा

आपल्या बिलात टप्पे असतात. पहिल्या १०० युनिटला कमी दर, १०१ ते ३०० ला जास्त, ३०१ ते ५०० ला आणखी जास्त, त्यापुढे सर्वात जास्त. म्हणून अनेक महिन्यांचे रीडिंग एकत्र आले की एकच गोष्ट पाहायची : टप्प्यांचा फायदा प्रत्येक महिन्याला वेगळा मिळाला की नाही?

समजण्यासाठी सोपे दर धरू : पहिल्या टप्प्याला ४ रुपये, दुसऱ्याला ८, तिसऱ्याला ११ आणि चौथ्याला १३. तीन महिन्यांत ५१० युनिट जळाले, म्हणजे महिना १७०. एका महिन्याचे १०० युनिट ४ रुपयांनी ४००, उरलेले ७० युनिट ८ रुपयांनी ५६०, मिळून ९६०. तीन महिन्यांचे २,८८०. हेच ५१० युनिट एकाच महिन्यात टाकले तर ४००, अधिक १,६००, अधिक २,२००, अधिक १३०, म्हणजे ४,३३० रुपये. फरक १,४५० रुपयांचा.

आता आधीच्या दोन महिन्यांत सरासरी ९० युनिटप्रमाणे ३६०-३६० रुपये लावलेले असतील तर ते ७२० वजा व्हायला हवेत. देणे उरते २,१६०. आमच्या बिलात टप्पे महिन्यागणिक पडले होते आणि आधीची रक्कम वजाही झाली होती. १ एप्रिल २०२० पासून नवे दरही लागू झाले होते. वादळानंतर वीज नव्हती तेव्हा मीटर फिरलाच नव्हता. जे आले ते एप्रिल-मेचे होते.

दर महिन्याला पाहायच्या पाच गोष्टी

१. मागील आणि चालू रीडिंग. चालू रीडिंग स्वतः मीटरजवळ जाऊन ताडून पाहावे. रीडिंगच्या जागी मीटर बंद, घर बंद किंवा रीडिंग मिळाले नाही असा शेरा असेल तर बिल सरासरीचे आहे. हलके आले म्हणून खूश होऊ नये. फरक पुढे येणारच.

२. आकार कोणते. स्थिर आकार वीज न वापरताही लागतो. वीज आकार आणि वहन आकार युनिटवर असतात. इंधन समायोजन आकार कमीजास्त होतो. त्यावर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क.

३. मागील थकबाकी. भरलेली रक्कम जमा दिसते का ते पावतीवरून पाहावे.

४. तारीख. मुदत उलटली की १.२५ टक्के विलंब आकार लागतो.

५. सुरक्षा ठेव. वर्षातून एकदा ठेवीचे वेगळे बिल येते, तेव्हा लोक दोनदा बिल आले म्हणून ओरडतात. ती आपली अमानत आहे, खर्च नव्हे. वापर वाढला की ठेव वाढते. त्या ठेवीवर जे व्याज बिलात जमा होते, त्याबाबत ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. वहीत मात्र ते लिहून ठेवावे.

बिल खरोखर चुकीचे असेल तर

न भरणे हा उपाय नाही, आणि मुकाट्याने भरणे हाही नाही. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्याच कलमात ग्राहकाला एक मोठा आधार आहे. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी ती हरकत नोंदवून भरावी. कचेरीत याला अंडर प्रोटेस्ट म्हणतात. ती भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही.

अर्ज लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्यावी. शिक्क्याशिवाय दिलेला अर्ज म्हणजे पावतीशिवाय दिलेली उधारी. कंपनीच्या कचेरीत दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जावे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत गेले पाहिजे. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येते. यासाठी वकील लागत नाही, कागद लागतात.

जुनी बाकीही अशीच. सलग थकबाकी म्हणून बिलात दाखवलेली नसेल तर दोन वर्षांनंतर तिच्यासाठी वीज तोडता येत नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अजमेरच्या वीज कंपनीच्या प्रकरणात म्हटले की रक्कम देय होते ती बिल निघाल्यावर, आणि चुकीने राहून गेलेली रक्कम कंपनी इतर कायदेशीर मार्गाने मागू शकते. म्हणून दोन वर्षे झाली, सुटलो, असे कोणी समजू नये.

घरातला हिशोब

दिव्य कुरआनातील सर्वात लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, सूरह बकरातील २८२ वी. आम्ही दुकानात ती पाळतो, घरात विसरतो. भावाभावात काय लिहायचे, असे म्हणतो, आणि मग न लिहिल्यामुळेच भाऊ बोलेनासे होतात. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात मारणाऱ्यांना ताकीद आहे. ती जशी आम्हा कापडवाल्यांना आहे तशी तारेवर आकडा टाकणाऱ्यांनाही आहे, आणि आपले वापरून सारखा वाटा मागणाऱ्या मोठ्या भावालाही आहे.

आमच्या घरी आता तीन गोष्टी झाल्या. वारसांच्या संमतीने मीटर मरहूम वडिलांच्या नावावरून बदलून घेतला. प्रत्येक चुलीला आतला छोटा मीटर बसवला. वाटा त्यावरून पडतो, अम्मींच्या खोलीचे बिल आम्ही भरतो. आणि बिलांची वही घातली. तारीख, रीडिंग, रक्कम, कोणी भरली, एवढे चार रकाने. वही मधल्या वहिनींकडे असते. त्यांची बांगडी आम्ही दोघा भावांनी मिळून सोडवून आणली. कर्ज घराचे होते, ते त्यांच्या एकट्या हातावर ठेवणे इन्साफ नव्हता.

वाचकांनी निदान एवढे करावे : या महिन्याचे बिल येईल तेव्हा घरातल्या बायका-मुलांना जवळ बसवून ते मोठ्याने वाचावे, रीडिंग वहीत मांडावे आणि कोणत्या अडचणीत काय करायचे ते सर्वांना सांगून ठेवावे. घरात कोणी घाबरून गुपचूप काही विकण्याची वा गहाण ठेवण्याची पाळी येऊ नये.