कात्री लावण्याआधी

सोसायटीच्या जिन्यात, एखाद्या कार्यालयाच्या दारात किंवा कुणाच्या बंद गॅलरीत वाढून वाढून छताला टेकलेला फायकस तुम्हाला कुणी ‘घेऊन जा, बोन्साय करा’ म्हणून दिला, तर आनंदाने घ्या. मात्र घरी आणल्यावर निदान दोन-तीन महिने त्याला कात्री लावू नका. बोन्सायच्या हौसेपायी पुण्यात दर उन्हाळ्यात जी झाडे मरतात, त्यांतली बरीचशी एवढ्या एका पथ्याने वाचतील, अशी माझी खात्री झाली आहे.

कोथरूडमधल्या आमच्या इमारतीला रंग द्यायचा ठरला, तेव्हा जिन्यातल्या दोन कुंड्या हलवाव्या लागल्या. दोन्ही फायकस एकाच नर्सरीतून आलेले, सारख्याच वयाचे आणि सारखेच दुर्लक्षित. खोड मनगटाएवढे, खाली एकही पान नाही, वर छताखाली फांद्यांचा गुंता आणि पानांवर धुळीचा थर. एक माझ्याकडे आला, दुसरा खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेला. काकांनी उत्साहाने एका माहीतगाराला बोलावले. त्याने एकाच सकाळी खोड निम्म्यावर कापले, मुळांचा गोळा सोडवून अर्ध्याहून जास्त मुळे छाटली, झाड उथळ ट्रेमध्ये बसवले आणि उरलेल्या फांद्यांना तारा गुंडाळल्या. दुपारपर्यंत दिवाणखान्यातल्या टीपॉयवर ‘तयार’ बोन्साय विराजमान झाले. दिसत होते खरोखर सुरेख. पंधरवड्यात पाने पिवळी पडली. पाने गळतात म्हणून काका पाणी वाढवत गेले. पावसाळा लागायच्या आत खोडाची साल सुरकुतली होती आणि मुळे काळी पडून बोटांनी सोलून निघत होती.

काकू म्हणाल्या, “वडाच्या जातीचं झाड घरात कोंडून ठेवलं, मग दुसरं काय होणार?” वड-पिंपळ घरात नको ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. तिच्या धार्मिक बाजूबद्दल मी बोलत नाही. पण झाडाच्या दृष्टीने काकूंचे म्हणणे बरोबरच होते.

त्या झाडावर झालेला प्रत्येक घाव एकेकटा असता तर त्याने सोसला असता. खोड छाटले की झाड खोडात आणि मुळांत साठवलेल्या पिठूळ साठ्यातून नवे कोंब काढते. मुळे छाटली की त्याच साठ्यातून नवी मुळे काढते. दोन्ही एकदम केले तर साठा दोन्हीकडे पुरत नाही. त्यात झाड वर्षानुवर्षे अंधारात उभे असेल तर तो साठा मुळात तुटपुंजाच असतो. आजारातून उठलेल्या माणसाला पहिल्याच सकाळी पर्वती चढायला कुणी लावत नाही.

म्हणून पहिले काम प्रकाशाचे. फायकस बेंजामिना घरातले झाड म्हणून इतके रुजले की त्याला ऊन लागते हेच आपण विसरलो. १९८९ साली नासाच्या एका अभ्यासात हवेतली रसायने शोषणाऱ्या झाडांमध्ये याचेही नाव होते. तो प्रयोग बंद पेट्यांमध्ये झाला होता, आपल्या खिडक्या-दारे असलेल्या खोल्यांत नव्हे. तरी तेव्हापासून ‘हवा शुद्ध करणारे झाड’ म्हणून ते अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवणे सुरूच आहे. निसर्गात हा उघड्यावर वाढणारा मोठा वृक्ष आहे.

पण जिन्यातून थेट गच्चीतही नेऊ नका. सावलीत तयार झालेली पाने एप्रिलच्या पुणेरी उन्हात दोन दिवसांत करपतात आणि काळी कुंडी तापून आतली मुळेही भाजतात. आधी उजेडाच्या खिडकीशी, मग सकाळचे कोवळे ऊन येणाऱ्या बाल्कनीत, मग पन्नास टक्क्यांच्या हिरव्या शेडनेटखाली, असे टप्पे घ्या. जागा बदलली की बेंजामिना पाने टाकतोच. तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका. बोट मातीत दोन पेरे खुपसा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. याच काळात पाने ओल्या फडक्याने पुसा आणि फांद्यांच्या बेचक्यांत पांढरा कापूस किंवा सालीला चिकटलेले तपकिरी ठिपके दिसतात का ते पाहा. पहिले पिठ्या ढेकूण, दुसरी खवले कीड. थोडे असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा, जास्त असतील तर कडुनिंबाच्या तेलाची फवारणी संध्याकाळी करा.

झाड नव्या पानांनी भरू लागेपर्यंत ते नक्की कोणते आहे याची खातरजमा करून घ्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर पस्तावतात. पान पातळ, टोक लांब निमुळते आणि फांद्या खाली झुकणाऱ्या असतील तर तो बेंजामिना. पान जाडसर, टोक आखूड आणि फांद्या ताठ असतील तर बहुधा मायक्रोकार्पा, म्हणजे आपल्याकडच्या नांदरूकाची जात. नर्सरीतला ‘पांडा’ही त्याच घराण्यातला. नांदरूक मोठ्या मनाचा. पान नसलेल्या जाड खोडावर कापला तरी तो सालीतून कोंब फोडतो. बेंजामिनाचा तसा भरवसा नाही. त्याची फांदी शेवटच्या पानाच्या मागे कापली तर ती अनेकदा बुंध्यापर्यंत वाळत जाते. त्याच्या प्रत्येक फांदीवर दोन-चार पाने राखूनच कापायचे, मागे कोंब आले की मगच पुढचा भाग काढायचा. माझा फायकस बेंजामिना निघाला, म्हणून त्याची उंची एका छाटणीत उतरवता आली नाही.

या वाट पाहण्याच्या काळात पुस्तकांपेक्षा खरी झाडे बघावीत. विद्यापीठाच्या आवारातले जुने वड पाहा: बुंध्याशी मुळे जमिनीत कशी शिरतात, खालच्या फांद्या किती जाड असतात, पारंब्या कुठून सुटतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात बोन्साय असतात. तिथे झाडापुढे खाली बसून बघा, कारण उभ्याने वरून बोन्साय कळत नाही. या कलेला पुण्यात रसिकांची कमतरता नाही. प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने फेब्रुवारी २०१८ मध्ये इथे ‘बोन्साय नमस्ते’ हे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा परदेशातले जाणकारही आले होते. जपानच्या थंडीत घडलेल्या शैली पाइन आणि मेपलच्या आहेत. फायकसचा वारसा तैवान, दक्षिण चीन अशा उष्ण प्रदेशांतला, आणि आपल्याला तो जास्त जवळचा. पाइनची टोकदार आकृती वडाच्या भाऊबंदावर लादली की झाड कायम अवघडलेले दिसते. छत्रीसारखा पसरलेला माथा, रुंद बुंधा, शक्य झाल्यास पारंब्या, हेच याला शोभते.

आता छाटणी. पुण्यात त्यासाठी दोन मोसम चांगले: थंडी सरल्यावर फेब्रुवारीअखेर ते मार्च, आणि पाऊस स्थिरावल्यावर जूनअखेर ते जुलै. मला दुसरा जास्त विश्वासाचा वाटतो, कारण हवेतल्या ओलाव्याने कोंब सुकत नाहीत. नोव्हेंबर ते जानेवारी मात्र कात्री, करवत, कुंडीबदल सगळे बंद. इथे रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, झाड झोपते आणि तेव्हाची जखम महिनोन्महिने तशीच उघडी राहते.

खोड जिथे थांबवायचे ठरवले असेल त्याच्या वर चार बोटे राखून कापा. कापलेल्या टोकापासून लाकूड थोडे खाली वाळत येते. ते थांबले की उरलेला खुंट कोरून काढता येतो. आणि चिकाला कमी लेखू नका. फायकसचा चीक काहींच्या कातडीवर पुरळ आणतो, डोळ्यात गेला तर गंभीर इजा करू शकतो, आणि ज्यांना रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी आहे त्यांनी या झाडापासून दूरच राहिलेले बरे. वर हात करून फांदी कापताना चीक थेट चेहऱ्यावर गळतो. चष्मा लावा, पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घाला, लहान मुले आणि कुत्री-मांजरे आत ठेवा. जखमेवर पाण्याचा फवारा मारला की चीक गोठतो. हाताला चिकटलेला चीक आधी खोबरेल तेलाने सोडवा, मग साबणाने धुवा.

छाटल्यानंतर त्या मोसमात मुळांना हात लावायचा नाही. कुंडी तीच, माती तीच. टोकाशी कोंबांचा झुबका फुटेल. ते सगळे ठेवले तर तिथे गाठ फुगते आणि खोड वर जाड, खाली बारीक दिसू लागते. दोन-तीन ठेवा, बाकी नखाने काढा. खालच्या फांद्या जाड करायच्या असतील तर त्या मुळीच खुडू नका, मोकाट वाढू द्या. फांदी जाड होते ती तिच्यावरच्या पानांमुळे. दर आठवड्याला शेंडे खुडून झाड नीटनेटके ठेवणाऱ्यांची झाडे वर्षानुवर्षे काडीसारखीच राहतात.

मुळांची पाळी पुढच्या मोसमात, झाड जोमात असेल तेव्हाच. नर्सरीच्या पिशवीत वाढलेल्या झाडाची मुळे गोल गोल फिरून एकमेकांचा गळा आवळत असतात. ती बांबूच्या काडीने हळूहळू उकला, खाली सरळ जाणारे जाड मूळ आखूड करा, आडवी पसरणारी मुळे जपा. पुढे बुंध्याची शोभा त्यांचीच असते. एका वेळी एक-तृतीयांशाहून जास्त मुळे कापू नका. आणि इथे उथळ बोन्साय ट्रेचा मोह टाळा. ट्रे हा शेवटचा मुक्काम. मधली काही वर्षे झाडाला पसरट, बऱ्यापैकी खोल कुंडी हवी. कसब्यातल्या कुंभारवाड्यात मातीच्या पसरट कुंड्या मिळतात. तळाला एकच भोक असेल तर आणखी पाडून घ्या. झाड कुंडीला तारेने घट्ट बांधा, कारण वाऱ्याने हलले की नव्या केसाळ मुळ्या तुटतात.

बागेतली काळी माती नको. पावसात तिचा चिखल होतो, उन्हात वीट. विटांचा वाटाण्याएवढा चुरा दोन भाग, जाड वाळू एक भाग, चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत एक भाग, आणि मूठभर निंबोळी पेंड. विटांची पूड चाळून टाका. ती राहिली तर भोके बुजतात आणि सगळी मेहनत वाया जाते. अशा मिश्रणाला मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी लागेल, जुलैत कदाचित एकदाही नाही. टँकरचे किंवा बोअरचे पाणी घालत असाल तर कुंडीच्या काठावर क्षारांची पांढरी रेघ धरते. पावसाचे पाणी मिळेल तेव्हा झाड त्यात न्हाऊ द्या. कुंडीबदलानंतर नवी पाने पक्व होईपर्यंत खत नाही.

तार सगळ्यांत शेवटी. बोन्सायसाठी मऊ ॲल्युमिनियमची तार घ्या, फांदीच्या साधारण एक-तृतीयांश जाडीची, आणि तिरप्या वेढ्यांनी गुंडाळा. पावसाळ्यात फायकस इतक्या वेगाने जाडावतो की तीन-चार आठवड्यांत तार सालीत रुतते. उलगडत बसू नका, कटरने तुकडे करून काढा. रुतलेल्या तारेचे वळ काही वर्षे जात नाहीत. पुष्कळदा सुतळीने फांदी खाली ओढून कुंडीला बांधणे पुरते, आणि नवख्याला ते जास्त सोयीचे. आषाढ-श्रावणात खोडावर बारीक तांबूस मुळ्या सुटताना दिसल्या तर त्यांवर ओले शेवाळ बांधा किंवा शेवाळ भरलेल्या नळीतून त्या मातीपर्यंत पोचवा. पारंब्या तशाच होतात.

बोन्साय म्हणजे झाडाचा छळ, असे म्हणणाऱ्यांना मी त्या जिन्यातल्या कुंड्या आठवायला सांगतो. इटलीत मिलानजवळ पाराबियागोच्या क्रेस्पी बोन्साय संग्रहालयात एक फायकस आहे, तो हजार वर्षांचा मानला जातो. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी त्याला पाणी घातल्याशिवाय तो तिथे नसता. आपले झाड घरात पाहुण्यांना दाखवायचे तर दोन दिवस जरूर आणा, मग परत उजेडात. कायमचे टीपॉयवर ठेवायचे असेल तर चांगले चित्र लावा, झाड नको.

राहिला छाटलेला शेंडा. तो कचऱ्यात जाऊ नये असे वाटत असेल तर छाटण्याआधीच, पावसाच्या सुरुवातीला, ठरलेल्या उंचीच्या वर गुटी कलम बांधा: खोडाच्या व्यासाच्या दीडपट रुंदीची साल गोल काढून आतले लाकूड खरवडायचे, ओले शेवाळ लावून प्लास्टिक घट्ट बांधायचे. सहा ते आठ आठवड्यांत मुळे प्लास्टिकमधून दिसू लागतात, मग त्याच्या खाली कापायचे. हाती दोन झाडे येतात आणि खालच्या खोडाची छाटणीही होऊन जाते. मात्र हे नवे झाड सोसायटीच्या कुंपणाशी जमिनीत लावू नका. फायकसची मुळे ड्रेनेजच्या चेंबरमध्ये आणि पाण्याच्या टाकीच्या भेगांत शिरतात, आणि मग दहा वर्षांनी ते झाड तोडण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करायची वेळ येते. त्यालाही कुंडीच द्या, आणि कुणाला देणार असाल तर आधी विचारा की त्यांच्या घरी ऊन कुठे येते.