श्रीक्षेत्र भीमाशंकर : दर्शनानंतरचे वनदर्शन

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेले श्रीक्षेत्र भीमाशंकर पुणे जिल्ह्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर वसले आहे. बहुसंख्य भाविक दर्शन घेऊन लगेच परतीच्या वाटेला लागतात. परंतु ज्या अरण्याच्या कुशीत हे देवस्थान आहे, ते पाहिल्यावाचून क्षेत्राची ओळख अपुरीच राहते. पुण्याहून मंचर, घोडेगाव, डिंभे या मार्गाने हे अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे. पहाटे निघाल्यास देवदर्शन व वनदर्शन एकाच दिवसात घडू शकते.

देवाचे रान

येथील सुमारे १३१ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. मात्र या रानाचे रक्षण त्याच्या कितीतरी आधीपासून होत आले आहे. देवाच्या नावाने राखलेल्या देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही, हा दंडक परिसरातील महादेव कोळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळला. हिरडा, जांभूळ, आंबा, अंजनी अशा वृक्षांची दाटी त्यामुळे टिकून राहिली. हिरडा वेचून, वाळवून विकणे हा आजही येथील अनेक कुटुंबांचा आधार आहे.

शेकरू

या अरण्याचे भूषण म्हणजे शेकरू. ही मोठी झाडखार भारताबाहेर कोठेही आढळत नाही. महाराष्ट्राने तिला राज्यप्राण्याचा मान दिला आहे. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तिची लांबी सुमारे तीन फूट भरते. अंगावर तांबूस-तपकिरी लोकर, पोटाकडे फिकट रंग आणि झुपकेदार लांब शेपूट यांवरून ती ओळखता येते. फळे, बिया, फुले व झाडांची साल हे तिचे अन्न होय.

शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर ती सुमारे वीस फुटांची झेप घेते. काटक्या व पाने गुंफून ती उंच फांद्यांवर गोलाकार घरटी बांधते. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते. काही विश्रांतीसाठी, तर एखादे पिलांसाठी. म्हणूनच फांदीला फांदी लागलेले सलग रान ही तिच्या जगण्याची पहिली अट आहे. मध्येच झाडे तुटली की तिची वाट तुटते. सकाळी आणि उन्हे कलल्यावर ती अधिक वावरते. घरट्यांच्या खुणा हेरून शांतपणे उभे राहिल्यास फांद्यांची सळसळ व तिचा खडखडाटी आवाज ऐकू येतो. भेकर, सांबर, वानर व बिबट्या यांचेही हे घर आहे.

नदी आणि कडे

त्रिपुरासुराच्या वधानंतर श्रीशंकरांच्या देहावरून ओघळलेल्या घामातून भीमा नदी प्रकटली, अशी कथा सांगितली जाते. साक्षी विनायकाच्या बाजूने रानवाटेने गेल्यावर गुप्त भीमेचे स्थान लागते. पावसाळ्यातील प्रचंड पाणी येथील पालापाचोळ्याची माती व वृक्षांची मुळे धरून ठेवतात आणि हळूहळू झऱ्यांना देतात. हीच भीमा पंढरपुरी चंद्रभागा म्हणून पूजिली जाते आणि सुमारे ८६० किलोमीटरचा प्रवास करून रायचूरनजीक कृष्णेला मिळते. येथील रान राखणे म्हणजे वारकऱ्यांच्या चंद्रभागेचा उगम राखणेच होय.

हनुमान तळ्याच्या बाजूने नागफणीच्या टोकावर जाता येते. तेथून सह्याद्रीचे सरळ तुटलेले कडे, खाली पसरलेले कोकण व पदरगडाचा सुळका दृष्टीस पडतो. पावसाळ्यात धुके दाटते व खडक निसरडे होतात. अशा वेळी कड्याजवळ जाऊ नये.

भाविकांसाठी

शेकरू वा वानरांना बिस्किटे, फुटाणे, प्रसाद असे काहीही घालू नये. खाऊच्या ओढीने शेकरू जमिनीवर उतरते व कुत्र्यांच्या तावडीत सापडते. दयेपोटी दिलेला घास असा जिवावर बेततो. प्लॅस्टिकच्या पिशव्या व बाटल्या आपल्यासोबत परत न्याव्यात. रानात गाणी वाजवू नयेत, विडी-काडी पेटवू नये व मळलेली पायवाट सोडू नये. दर्शनाच्या वेळा व वनखात्याने बंद ठेवलेल्या वाटा यांची चौकशी निघण्यापूर्वी करावी. सूर्यास्तापूर्वी रानातून परतावे.

मंदिरात शिरताना भाविक पादत्राणे काढतो व आवाज खाली आणतो. तीच मर्यादा रानात शिरताना पाळली, तर ज्या फांदीवर आज शेकरू दिसले, तिच्यावर पुढील पिढीतील यात्रेकरूंनाही ते दिसेल.